वशिला, गुण आणि शिफारस : डॉक्टरकीच्या वरच्या पायरीची दीडशे वर्षं

(पोस्ट मोठी आहे. घरात कुणी डॉक्टर होत असेल, किंवा व्हावं असं वाटत असेल, तर सवडीने वाचा.)

परवा शिरूरच्या स्टँडवर चहा पीत उभा होतो. तालुक्यातलाच एक पोरगा भेटला. एमबीबीएस झालाय, इंटर्नशिप चालू आहे. आई-वडिलांनी वीसेक हंगाम कोयता चालवला, त्यातनं हे लेकरू शिकलं. पाया पडला आणि म्हणाला, “काका, तुम्ही जुनंनवं वाचता म्हणून विचारतो. अमेरिकेत रेसिडेन्सी करायची तर आधी मुलाखतीचं बोलावणं यावं लागतं म्हणे. आपल्याकडं नीट-पीजीत नंबर लागला की झालं. तिथं काय बघून बोलावतात? अन् आपल्यासारख्याला बोलावतील का?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. “बघून सांगतो,” म्हणालो. घरी येऊन वाचत बसलो, आणि लक्षात आलं की पोराचा प्रश्न अमेरिकेपुरता नाहीच. डॉक्टर झालेल्या माणसाला पुढच्या पायरीवर कोण घेतं, कशावर घेतं, आणि कुणाला दारातूनच परत पाठवतं, हा दीडशे वर्षांचा झगडा आहे. त्यात महाराष्ट्र आहे, मराठवाडा आहे, आणि अगदी आपलं शिरूरसुद्धा आहे.

आधी शब्द सोपा करून घेऊ. रेसिडेन्सी म्हणजे डॉक्टरची पदवी घेतल्यावर मोठ्या रुग्णालयात तीन किंवा जास्त वर्षं, दिवसरात्र, वरिष्ठांच्या हाताखाली काम करून एखाद्या विषयातला तज्ज्ञ होणं. आपल्याकडे एमडी, एमएस करणारे निवासी डॉक्टर करतात तेच. १८८९ साली अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालं. तिथं ऑस्लर आणि हाल्स्टेड या दोघांनी ही पद्धत बसवली. तरुण डॉक्टर रुग्णालयातच राहायचे, म्हणून ते ‘रेसिडेंट’.

या जागा नेहमीच कमी आणि मागणारे जास्त. मग निवडायचं कसं? जगात याची तीनच उत्तरं सापडली आहेत. वशिला, गुण आणि शिफारस. वशिला आणि शिफारस एकच, असं आपण समजतो. तसं नाही. वशिला म्हणजे तुमच्या बापाला ओळखणारा माणूस. शिफारस म्हणजे तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेला माणूस. हा फरक डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

एका पत्राने उघडलेलं दार

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून. त्यांची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे, पण त्यांना प्रवेश नेमका मिळाला कसा, हे फारसं कुणी सांगत नाही.

गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला. कोल्हापूरला असताना त्यांनी अमेरिकेतल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं, की बायकोला शिकवायचंय, मदत कराल का. वाइल्डरने ते पत्र आपल्या मासिकात छापलं आणि सोबत धर्मांतराची अपेक्षा सुचवणारं उत्तरही छापलं. गोपाळरावांचं काम काही झालं नाही. पण १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. तिथं पडलेलं ते मासिक त्यांनी चाळलं, पत्र वाचलं आणि थेट आनंदीबाईंना लिहायला सुरुवात केली. पुढची सगळी हालचाल त्या ओळखीतून झाली.

१८८३ च्या जून महिन्यात आनंदीबाई अमेरिकेत पोचल्या. वय अठरा. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. शाळेचे मोठे दाखले जवळ नव्हते. अर्जात त्यांनी ते लपवलं नाही. आपण सगळ्या अटी पुऱ्या करत नसू, पण आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मी आले आहे, एवढं धरून माझा विचार करा, असा त्या अर्जाचा आशय. कॉलेजने प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. ११ मार्च १८८६ ला त्या एमडी झाल्या. मग बोस्टनच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काही काळ काम केलं, पण तब्येत साथ देईना. तिकडे असतानाच कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागाची जागा देऊ केली होती. त्या परतल्या, पण जागेवर रुजू होणं नशिबी नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

आज अमेरिकेच्या रेसिडेन्सीसाठी ‘पर्सनल स्टेटमेंट’ नावाचं एक पान लिहावं लागतं. मी कोण, हाच विषय का घेतला, कुणासाठी करायचंय. पोरं ते पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतात, आता तर मशीनकडून लिहून घेतात. आनंदीबाईंचा अर्ज आधी वाचावा. आपलं कमी काय आहे ते खरं सांगितलंय, आणि का आले ते एका वाक्यात सांगितलंय.

पण त्यांना दार उघडलं ते नियमाने नाही, योगायोगाने. दाताच्या दवाखान्यात पडलेल्या मासिकाने. एका आनंदीबाईसाठी ते उघडलं. बाकीच्यांचं काय?

परीक्षा होती, पण लंडनला

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. हुशार माणसं होती, पदव्या मिळत होत्या. पण सरकारी वैद्यकातल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या हातात, म्हणजे गोऱ्यांच्या हातात. १८५५ पासून त्या सेवेची परीक्षा सगळ्यांना खुली झाली. कागदावर गुणांचं राज्य आलं! फक्त परीक्षा लंडनला. ज्याच्या खिशात बोटीचं भाडं, त्याच्या हातात पेपर. त्याच वर्षी बंगालचे सूर्यकुमार चक्रवर्ती पास झाले, पण असे किती जण जाणार?

हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. नियम खुला असला तरी परीक्षेचं गाव लांब असेल, तर दार अर्धंच उघडतं.

याला मुंबईने उत्तर दिलं. सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी मोठी देणगी दिली आणि अट घातली, की शिकवणारे लायक भारतीयच असतील आणि ते सरकारी सेवेतले नसतील. त्यातून १९२६ साली सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय उभं राहिलं. आज आपला पेशंट ‘केईएमला न्या’ म्हटलं की आपण गाडी काढतो. पण ते रुग्णालय मुळात या एका भांडणातून उभं आहे. वॉर्डात तज्ज्ञ म्हणून उभं राहायचा हक्क कुणाचा, हे ते भांडण.

आपण कुठे होतो?

मुंबईत हे चालू होतं तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. बीडच्या पोराला डॉक्टर व्हायचं तर हैदराबादला जायचं. उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि वैद्यकीचं शिक्षणसुद्धा उर्दूतून सुरू झालं. देशी भाषेत डॉक्टर घडवायचा तो मोठाच प्रयोग होता. पण ज्याच्या घरात मराठी, ज्याच्या गावात धड शाळा नाही, त्याला तो उंबरठासुद्धा उंचच.

१७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आपल्या जिल्ह्यात ते यायला सत्तरचं दशक निम्मं सरावं लागलं. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून आपण ते अभिमानाने सांगतो. नांदेडचं १९८८ ला, लातूरचं २००२ ला.

कॉलेजं उशिरा आली याची किंमत काय? राज्यात बरीच वर्षं एमबीबीएसच्या प्रवेशाला ७०:३० चा नियम होता. ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाहेरच्यांना. ऐकायला बरा वाटतो. पण ज्या विभागात कॉलेजंच कमी, त्याचे ७० टक्केही कमीच! आपली पोरं जास्त गुण घेऊन बाहेर बसायची. मराठवाडा ओरडत राहिला आणि सप्टेंबर २०२० मध्ये तो नियम रद्द झाला. आज तालुक्यातल्या वाडी-तांड्यावरचं लेकरू मुंबई-पुण्याच्या कॉलेजात दिसतं, त्यामागे हाही एक निर्णय आहे.

आपल्या कॉलेजचा तो आपला

आता एमबीबीएसनंतरची पायरी, म्हणजे पोराच्या प्रश्नाचा गाभा.

त्या काळी एमडी-एमएसच्या जागा कशा मिळायच्या? एमबीबीएसच्या गुणांवर, आणि त्याआधी ‘हा कुठल्या कॉलेजचा’ यावर. मुंबईत महापालिकेची तीन कॉलेजं. केईएमचं जी. एस., नायरचं आणि सायनचं. नियम असा, की आपल्या कॉलेजच्या पोरांना आधी जागा, उरल्या तर इतरांना. विद्यापीठ एक, परीक्षा एक, पेपर एक. तरी एका कॉलेजातल्या कमी गुणांच्या मुलाला जागा मिळे आणि दुसऱ्या कॉलेजातली जास्त गुणांची मुलगी बाहेर राही. काही विद्यार्थ्यांनी हे कोर्टात नेलं. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठुकराल अंजली देवकुमार खटल्यात हा नियम घटनेच्या समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केला.

त्याआधी १९८४ मध्ये डॉ. प्रदीप जैन खटल्याचा निकाल आला होता. ‘आमच्या राज्यात राहणाऱ्यालाच जागा’ हे धोरण सरसकट चालणार नाही, काही जागा सगळ्या देशाला खुल्या ठेवा, असं न्यायालयाने सांगितलं. त्यातून अखिल भारतीय कोटा आणि त्याची परीक्षा आली. हे वाद अजून संपलेले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं, की पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात रहिवासावर आरक्षण चालणार नाही. संस्थेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना मर्यादित प्राधान्य तेवढं चालेल.

आणि गुण देणारा हात कुणाचा, हा प्रश्नही याच काळातला. मुंबई विद्यापीठाच्या एमडी परीक्षेतल्या गुणांच्या फेरफाराचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाचे ताशेरे आले आणि मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना राजीनामा द्यावा लागला. ते आपल्या मराठवाड्याचेच. एका वैद्यकीय परीक्षेच्या गुणपत्रिकेवरून राज्याचं सरकार हललं, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पण त्या काळातला अविश्वास किती खोल होता, ते यावरून कळतं. गुण आहेत, पण ते देणारा ओळखीचा असेल तर गुणसुद्धा वशिलाच होतो.

म्हणून देश हळूहळू एकाच परीक्षेकडे सरकला. २०१३ मध्ये नीट आली, त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने ती रद्द केली. २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला गेला आणि २०१७ पासून एमडी-एमएसला देशभर एकच नीट-पीजी. मुलाखत नाही, पत्र नाही, चेहरा नाही. संगणकासमोर साडेतीन तास आणि एक क्रमांक.

या परीक्षेला शिव्या देणारे पुष्कळ आहेत. मीही देतो. क्लासचा धंदा वाढला, ऐन वेळी तारखा बदलल्या, २०२३ मध्ये तर पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली. एवढं सगळं खरं. पण कोयत्यावरच्या बापाच्या पोराला नाव-गाव न विचारता जागा देणारी दुसरी कुठली पद्धत या देशात झाली, तेही सांगा. त्या क्रमांकामागे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेली माणसं आहेत.

आता अमेरिका

अमेरिकेतही सुरुवात वशिल्यानेच झाली. प्राध्यापकाने मित्राला चिठ्ठी द्यायची, रुग्णालयाने पोरगा घ्यायचा. पुढे जागा जास्त आणि डॉक्टर कमी झाले, तेव्हा उलटा गोंधळ. रुग्णालयं शेवटच्या वर्षाच्या कितीतरी आधीच पोरांना अडकवायची. १९४५ नंतर कॉलेजांनी ते थांबवलं, तर रुग्णालयं तार करून ‘आत्ता हो म्हण, नाहीतर जागा गेली’ म्हणायची. विचार करायला दिलेली दहा दिवसांची मुदत चारपाच वर्षांत बारा तासांवर आली.

शेवटी १९५२ मध्ये ‘मॅच’ आला. उमेदवाराने आपल्या पसंतीची यादी द्यायची, रुग्णालयाने आपली द्यायची, आणि मध्यवर्ती ठिकाणी जोड्या लावायच्या. गंमत म्हणजे पहिला आराखडा उमेदवारांवर अन्याय करणारा होता. विद्यार्थ्यांनीच आक्षेप घेतला आणि तो बदलून घेतला. या जोड्या लावण्यामागच्या गणितावर पुढे अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये रॉथ आणि शॅप्ली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण यादी कुणाची करायची? ज्यांना मुलाखतीला बोलावलं त्यांची. म्हणून सगळा जीव त्या बोलावण्यात.

बाहेरच्या देशांतल्या डॉक्टरांची पात्रता तपासायला १९५६ मध्ये ईसीएफएमजी ही संस्था निघाली. १९६५ चा कायदा आला, देशवार कोटे गेले आणि आपल्याकडचे डॉक्टर मोठ्या संख्येने गेले. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतले तर कितीतरी. १९७६ मध्ये अमेरिकेने नवा कायदा करून दार आवळलं. पुढे १९९२ पासून यूएसएमएलई या परीक्षा आल्या. म्हणजे त्यांना डॉक्टर हवे असले की दार उघडतं, नको असले की लोटलं जातं. आपल्या पोरांनी हे ध्यानात ठेवून उडी मारावी.

आता त्या पोराला जे सांगायचं ते सरळ सांगतो.

पहिलं, परीक्षा. २६ जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याला गुण नाहीत, फक्त पास-नापास. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे स्टेप टू सीकेच्या गुणांवर सगळा भार आला. पहिल्याच प्रयत्नात पास होणं फार मोलाचं. नापासचा शिक्का पुसला जात नाही. घाई करून परीक्षेला बसू नको.

दुसरं, शिफारसपत्रं. अमेरिकेतल्या डॉक्टरच्या हाताखाली काही आठवडे काम केलं आणि त्याने काम पाहून पत्र दिलं, तर त्याला वजन. आपल्या खात्याच्या प्रमुखाने सगळ्यांना एकच मजकूर देऊन सही केलेलं पत्र तिथं लगेच ओळखू येतं.

तिसरं, पदवी होऊन किती वर्षं झाली. खंड पडला तर बोलावणी कमी होतात. मधल्या काळात रुग्णसेवा चालू ठेव.

चौथं, व्हिसा. सगळी रुग्णालयं परदेशी डॉक्टरला व्हिसा देत नाहीत. अर्ज करण्याआधी ती यादी बघ, नाहीतर फीचे पैसे पाण्यात.

पाचवं, कॉलेजची मान्यता. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला जागतिक संघटनेची मान्यता १० वर्षांसाठी मिळाली. त्यामुळे अंबाजोगाईची पदवी काय, मुंबईची काय, या बाबतीत सारखीच.

एवढं करूनही अमेरिकेबाहेरच्या नागरिकांपैकी, मॅचमध्ये उतरलेल्या शंभरातल्या साधारण ५८ ते ६० जणांनाच गेल्या काही वर्षांत जागा मिळाली. बाकीचे खर्च करून परत.

आणि खर्च! परीक्षांची फी, अर्जांची फी, तिकडे महिना-दोन महिने राहणं. सगळा हिशोब लाखांत. मुलाखती २०२० नंतर बहुतेक ऑनलाइन झाल्या, तेवढा विमानाचा एक फेरा वाचला. पण शिफारसपत्रासाठी तिकडे जाऊन राहावंच लागतं. १८५५ ची लंडनची परीक्षा आठवा. नियम खुला, पण गाव लांब. ज्याचा मामा न्यू जर्सीला आहे त्याची राहायची सोय होते, ज्याचा मामा कारखान्यावर आहे त्याची होत नाही. वशिला मेला नाही, त्याने कपडे बदलले.

विंचवाचा डॉक्टर

आता पोरांना सध्या लागलेल्या एका रोगाबद्दल. अर्जात ‘संशोधन’ दिसावं म्हणून पैसे भरून नाव छापून घ्यायचं. दहा जणांच्या निबंधात अकरावं नाव. मुलाखतीत कुणी विचारलं की ‘यात तू काय केलंस?’, तर घाम.

डॉ. हिंमतराव बावस्कर आठवा. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा माणूस, आपल्या मराठवाड्याचा. घरची गरिबी. एमबीबीएस करून कोकणात महाडजवळ प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तिथं विंचू चावून माणसं, लहान लेकरं मरायची. विंचू म्हणजे काय हे शिरूरकरांना सांगायला नको, कापूस वेचताना आणि दगडं उचलताना आपल्यातल्या किती जणांनी ते सोसलंय. बावस्करांनी रुग्णाजवळ बसून रात्र-रात्र नोंदी केल्या. नाडी, रक्तदाब, घाम, छातीत भरणारं पाणी. ऐंशीच्या दशकात ते लॅन्सेटसारख्या जगातल्या पहिल्या फळीच्या मासिकात छापून आलं. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन नावाचं साधं औषध विंचूदंशावर चालतं, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे पुण्यातून एमडी केली आणि परत महाडलाच गेले. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

त्यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती, परदेशातला मामा नव्हता. समोर आलेल्या रुग्णाकडे त्यांनी नीट पाहिलं आणि पाहिलेलं लिहून ठेवलं. आपल्या ग्रामीण रुग्णालयात इंटर्नशिप करणाऱ्या पोराला सर्पदंश, विंचूदंश, फवारणीची विषबाधा, उसाच्या फडातून आलेल्या बाळंतिणी हे सगळं रोज दिसतं. अमेरिकेतल्या पोराला ते पुस्तकात बघावं लागतं. एक वही घाल. परवानगी घेऊन, नावं न लिहिता, पन्नास रुग्णांची प्रामाणिक नोंद कर. मुलाखतीत त्यावर बोलताना तुला घाम येणार नाही.

अन् शिरूरचं काय?

शेवटी एक गोष्ट, जी वाचून मी बराच वेळ गप्प बसलो.

अमेरिकेत ट्रेनिंगसाठी जे-१ व्हिसावर गेलेल्या डॉक्टरला नियमाने दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. पण १९९४ मध्ये नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांनी एक सूट आणली. डॉक्टर कमी असलेल्या मागास भागात तीन वर्षं सेवा दिली, तर परतायची गरज नाही. आता प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा. त्यामुळे अमेरिकेतल्या कितीतरी लहान गावांचे दवाखाने आपल्याकडच्या डॉक्टरांवर चालतात.

म्हणजे बघा. अमेरिकेलाही त्यांचं ‘शिरूर कासार’ आहे. तिथंही तज्ज्ञ जायला तयार नाही. पण त्यांनी तिथं जाण्याच्या बदल्यात काहीतरी देऊ केलं, आणि ते लेखी, सगळ्यांना कळेल असं.

आपल्याकडे? बॉण्ड आहे, सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना पीजीसाठी कोटा आहे, पण नियम दर काही वर्षांनी बदलतो आणि खेड्यात राबलेल्या वर्षांचं मोल नक्की किती, हे पोराला आधी कळत नाही. मग तो खेड्यात थांबेल कशाला? आणि तो थांबला नाही तर काय होतं, हे बीड जिल्ह्याने २०१९ मध्ये जगाला दाखवलं. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय पेटला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. जवळच्या सरकारी दवाखान्यात भरवशाची स्त्रीरोगतज्ज्ञ असती, ‘बाई, याला औषधाने बरं वाटेल, काढायची गरज नाही’ असं सांगणारी, तर यातल्या किती जणी वाचल्या असत्या? आनंदीबाईंनी १८८३ मध्ये अर्जात लिहिलेलं दुखणं आणि हे दुखणं, फार वेगळं आहे का?

मी पोराला जाऊ नको म्हणणार नाही. त्याच्या आईने फडात पाचट उचललंय, त्याने कुठवर जावं हे सांगणारा मी कोण? जा बाळा, कुठंही जा, पण नीट तयारीने जा.

एक मात्र आपण इथं बसून करू शकतो. शिरूर तालुक्यातून डॉक्टर झालेली माणसं आज पुण्यात, मुंबईत, काही परदेशात आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस गावी यावं, नाहीतर मोबाइलवरून तासभर बोलावं. कुठली परीक्षा कधी, कुठे फसलो, कुठे पैसे वाया गेले. जो आत पोचलाय त्याने मागच्याला दाराची कडी कुठंय एवढं सांगितलं, तरी पुष्कळ झालं. हा वशिला नाही, हे देणं आहे. पोरांचं काम पाहा, आणि पटलं तरच दोन ओळी लिहून द्या.

त्या पोराला आज संध्याकाळी बोलावलंय. हे सगळं त्याला वाचून दाखवणार आहे. तुमच्या घरात, गल्लीत, वाडीवर असा कुणी असेल तर त्याच्यापर्यंतही पोचवा. आणि तुम्ही स्वतः डॉक्टर असाल, शिरूरचे असाल, तर एक तास कधी देता ते कळवा. जागेची अन् चहाची सोय माझ्याकडे.